डेनाली: ६,१९० मीटरचा आकडा फसवा का आहे, आणि त्या डोंगराभोवती नेमके काय आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लडाखमध्ये सहा हजार मीटरवरचे एक शिखर झाले आहे. आता सात खंडांच्या सात शिखरांपैकी अलास्कातले डेनाली खुणावते आहे. त्याची उंची ६,१९० मीटर, म्हणजे स्टोक कांगरीपेक्षा (६,१५३ मीटर) जेमतेम ३७ मीटर जास्त. मग त्याचा एवढा बाऊ का? आणि सोबत येणाऱ्या घरच्यांना डोंगर नुसता पाहायचा असेल तर त्यांनी कुठे थांबावे?

माथ्याची उंची हा डेनालीबद्दलचा सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे. पायथा किती खाली आहे, डोंगर कोणत्या अक्षांशावर आहे आणि समुद्र किती जवळ आहे, हे आधी बघायचे. तिथल्या चढाईच्या बहुतेक अडचणी या तीन गोष्टींतून येतात.

पायथ्यापासून सुरुवात करू. डोंगराच्या उत्तरेला टुंड्राचे माळ आहेत, समुद्रसपाटीपासून सहाशे ते नऊशे मीटरवर. तिथून डेनाली पाच-साडेपाच हजार मीटर एका दमात वर जातो. एव्हरेस्ट ८,८४९ मीटरचे खरे, पण तिबेटच्या बाजूने त्याचा पायथाच ५,२०० मीटरवर आहे, त्यामुळे डोळ्यांसमोर उभा राहतो तो साडेतीन हजार मीटरचा डोंगर. डेनालीच्या उत्तर अंगाचा विकरशॅम कडा पीटर्स हिमनदीपासून चार हजार मीटरच्या वर उठतो. अडीच कळसूबाई एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढा. आसपासच्या भूमीपासून डोंगर किती सुटा उभा आहे या हिशेबाने एव्हरेस्ट आणि अकोंकाग्वानंतर जगात तिसरा क्रमांक डेनालीचाच लागतो. स्टोक कांगरी चढाईला खुले होते तेव्हा माणूस ३,५०० मीटरवरच्या लेहला विमानाने उतरायचा, खेचरावर सामान टाकून पाच हजारांच्या जवळ तळ लावायचा आणि शेवटच्या दिवशी हजार-बाराशे मीटर चढायचा. डेनालीला विमान २,२०० मीटरवर सोडते. पुढचे चार हजार मीटर बर्फावरून, आणि सामान स्वतःच ओढत.

या डोंगराला दोन माथे आहेत. दक्षिण शिखर ६,१९० मीटर आणि उत्तर शिखर ५,९३४ मीटर. मधल्या खोलगटात हार्पर हिमनदी आहे आणि तिच्या डोक्यावर ५,५५० मीटरवर डेनाली पास ही खिंड. १९१० मध्ये कँटिश्ना भागातल्या सोन्याच्या खाणवाल्यांनी उत्तर शिखर गाठून तिथे चौदा फुटांचा स्प्रूसचा खांब रोवला. खालच्या वस्त्यांतून उत्तर शिखर दिसते, म्हणून त्यांनी तेच निवडले. खऱ्या माथ्यावर पहिले पाऊल पडले ७ जून १९१३ रोजी, वॉल्टर हार्पर या अलास्काच्या मूलनिवासी तरुणाचे. त्याच्या मागून हडसन स्टक, हॅरी कार्स्टन्स आणि रॉबर्ट टेटम पोहोचले. वाटेत त्यांना उत्तर शिखरावरचा तो खांब दिसला, तेव्हा कुठे खाणवाल्यांच्या बोलण्यावर लोकांचा विश्वास बसला.

शेजाऱ्यांपैकी दोन ओळखता यायला हवेत. नैर्ऋत्येला फोरेकर (५,३०४ मीटर) आणि दक्षिणेला हंटर (४,४४२ मीटर). डोंगराच्या दक्षिणेकडच्या टॉकीटना गावाच्या नदीकाठावरून डावीकडून उजवीकडे फोरेकर, हंटर, डेनाली अशी रांग दिसते. फोरेकर एकटा उभा असल्याने नवखे लोक त्यालाच डेनाली समजून फोटो काढून मोकळे होतात. तीन डोंगर मोजा. सर्वांत उजवीकडचा, सर्वांत रुंद, तो डेनाली.

नावाचा घोळ नकाशे शोधताना त्रास देतो, म्हणून तो इथेच संपवतो. इथले मूलनिवासी कोयुकॉन लोक डोंगराला डेनाली म्हणत आले आहेत. १८९६ मध्ये एका सोने शोधणाऱ्याने मॅकिन्ली हे नाव वापरले, १९१७ मध्ये ते कायद्यात आले, २०१५ मध्ये केंद्र सरकारने अधिकृत नाव डेनाली केले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा माउंट मॅकिन्ली झाले. राष्ट्रीय उद्यानाचे नाव मात्र डेनालीच आहे. नकाशे, हवामानाचे अंदाज, परवान्याची कागदपत्रे शोधताना दोन्ही नावे टाकून पाहा. उंचीचेही तसेच. जुन्या पुस्तकांत २०,३२० फूट सापडते, २०१३ च्या रडार मोजणीत २०,२३७ आले आणि २०१५ मध्ये जीपीएस यंत्रे थेट माथ्यावर नेऊन मोजल्यावर २०,३१० फूट ठरले. डोंगर मधल्या काळात खचला नव्हता. विमानातून केलेली रडार मोजणी टोकदार माथ्याभोवतीच्या भागाची सरासरी घेते, त्यामुळे निमुळते टोक हरवते.

हा एवढा उंच का, याचे उत्तर जमिनीखाली आहे. अलास्का रेंज ही सुमारे हजार किलोमीटर लांबीची, धनुष्यासारखी वाकलेली रांग आहे आणि डेनाली बरोबर तिच्या वाकणात बसला आहे. रांगेच्या लांबीने डेनाली प्रस्तरभंग जातो. त्याच्या दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात. सरळ रेषेत असते तर नुसते घासणे झाले असते, पण डेनालीजवळ ही रेषा वळते. वळणाच्या आतल्या बाजूचा खडक पुढे सरकायला जागा न मिळाल्याने दाबला जातो आणि वर ढकलला जातो. मागून रेटा आहे तो दक्षिण किनाऱ्यावर येऊन अडकलेल्या याकुटाट नावाच्या भूखंडाच्या तुकड्याचा. शिवाय डेनालीचा गाभा सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या ग्रॅनाइटचा आहे. आजूबाजूचा गाळाचा ठिसूळ खडक झिजून गेला, ग्रॅनाइट टिकला. उत्तर शिखराच्या माथ्यावर तो जुना काळपट गाळाचा खडक टोपीसारखा अजून शिल्लक आहे. स्वच्छ दिवशी दोन माथ्यांच्या रंगातला फरक दुर्बिणीतून दिसतो.

हा भंग झोपलेला नाही. ३ नोव्हेंबर २००२ रोजी त्यावर ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तीनशे किलोमीटरहून अधिक लांबीची जमीन फाटली. अलास्काची तेलवाहिनी हा भंग ओलांडते. तिथे ती जमिनीत न पुरता आडव्या तुळयांवर सरकती ठेवलेली आहे. जमीन चार मीटरांहून अधिक सरकली, वाहिनी तुळयांवरून घसरली आणि फुटली नाही. भूकंप अभियांत्रिकीच्या वर्गात हे उदाहरण अजून शिकवतात, ते योग्यच आहे.

आता अक्षांश. डेनाली ६३ अंश उत्तरेवर आहे, लडाख ३४ वर. विषुववृत्ताकडची हवा उबदार आणि फुगलेली असते, तिचा थर उंच असतो. ध्रुवाकडे हवा थंड आणि दाट, थर बुटका. त्यामुळे उत्तरेकडे वर चढताना दाब लवकर घटतो. परिणाम असा की डेनालीच्या माथ्यावर जेवढा प्राणवायू मिळतो, तेवढा हिमालयात काही शे मीटर अधिक उंचीवर मिळतो. वादळाच्या वेळी दाब आणखी उतरतो आणि तंबूत बसल्या जागी माणूस आणखी वर गेल्यासारखा होतो. आदल्या रात्री बरा असलेला गडी सकाळी डोके धरून बसला, तर आधी बॅरोमीटर पाहावे. उंचीमापक घड्याळही त्या रात्रीत शंभर मीटर ‘चढलेले’ दिसू शकते.

थंडी तर आहेच. ५,७०० मीटरच्या आसपास ठेवलेल्या हवामान यंत्राने १ डिसेंबर २००३ रोजी उणे ५९.७ अंश सेल्सियस नोंदवले. चढाईचा हंगाम मे ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा, पण मे महिन्यात वरच्या तळावर उणे ३० ची रात्र ही बातमी नसते आणि उणे ४० ही अशक्य गोष्ट नव्हे. लडाखच्या ऑगस्टमध्ये चालून गेलेले दुहेरी बूट आणि स्लीपिंग बॅग इथे चालतील असे गृहीत धरू नका. बुटांवर पूर्ण पाऊल झाकणारे ओव्हरबूट किंवा आतून जोडलेले गेटर, उणे ३०-४० साठीची बॅग आणि बोटे एकत्र राहतील असे पिसांचे मिटन लागतातच. पाच बोटी हातमोजे कितीही जाड घेतले तरी त्यांत बोटे एकेकटी गारठतात.

याच अक्षांशाचा एक फायदाही आहे. जूनमध्ये सूर्य वीस तासांहून जास्त वेळ वर असतो आणि उरलेला वेळ संधिप्रकाशाचा. हेडटॉर्च बहुधा सॅकच्या तळाशीच राहते. म्हणून हिमालयातली मध्यरात्री एक वाजता निघायची सवय इथे वरच्या टप्प्यात उपयोगाची नाही. वरच्या तळावरून डेनाली पासकडे जाणारा उतार सकाळी उशिरापर्यंत सावलीत असतो. तिथे पहाटे शिरणे म्हणजे हिमदंशाला आमंत्रण. बहुतेक तुकड्या ऊन पडायच्या बेताने नऊ-दहा वाजता निघतात आणि संध्याकाळी उजेडातच परततात. खालच्या हिमनदीवर जूनअखेरीस नेमके उलट: दिवसा बर्फ मऊ होऊन क्रिव्हासवरचे (हिमनदीतल्या खोल भेगांवरचे) बर्फाचे पूल ढिले पडतात, म्हणून चाल रात्री.

तिसरी गोष्ट समुद्र. दक्षिणेला कुक इनलेटची खाडी सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास. उत्तर पॅसिफिकमध्ये तयार होणारी वादळे नैर्ऋत्येकडून येतात, वाटेत अडवायला एवढे उंच दुसरे काही नाही, आणि ती थेट या भिंतीवर आदळतात. आठवडाभर तंबूत अडकून राहावे लागणे नेहमीचेच आहे. हिमालयात मान्सूनच्या आधी-नंतर स्वच्छ दिवसांची जी एक सलग खिडकी मिळते, तशी इथे गृहीत धरता येत नाही. माथ्यावर गुळगुळीत, बशीसारखा ढग बसलेला दिसला की खाली कितीही निरभ्र असो, वर वारा सुटलेला आहे असे समजावे.

ओल दक्षिणेकडून येते आणि तिकडेच पडते. म्हणून मोठ्या हिमनद्या दक्षिणेला आणि उत्तर बाजू पर्जन्यछायेत. टॉकीटनाला वर्षाला साधारण ७० सेंटीमीटर पाऊस-बर्फ मिळते, उत्तरेकडच्या उद्यान मुख्यालयाला ३८ च्या आसपास. दक्षिणेची काहिल्टना हिमनदी ७१ किलोमीटर लांब आहे, अलास्का रेंजमधली सर्वांत लांब. शेजारची रूथ हिमनदी एका दीड किलोमीटर रुंदीच्या घळीतून वाहते. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे दीड हजार मीटरचे कडे आणि पायाखाली हजार मीटरहून जाड बर्फ. बर्फ काढून टाकले तर ती ग्रँड कॅन्यनपेक्षा खोल दरी निघेल. पाहण्यासारखे एकच ठिकाण निवडायचे झाले तर माझे मत माथ्याला नाही, या घळीला आहे.

उत्तरेची मल्ड्रो हिमनदी वेगळ्या स्वभावाची. ती वर्षानुवर्षे जवळजवळ स्वस्थ असते आणि मग एकदम धावते. १९५६-५७ मध्ये धावली, नंतर थेट २०२१ मध्ये. एरवी दिवसाला काही सेंटीमीटर सरकणारा बर्फ तेव्हा दिवसाला दहा-वीस मीटर सरकत होता. वरच्या भागात बर्फ साचत जाते, तळाशी वितळपाणी अडकते, ते पाणी तळाचे घर्षण मोडते आणि साचलेला सगळा भार सुटतो. १९१३ ची पहिली चढाई याच हिमनदीवरून झाली होती. २०२१ च्या धावेने तिचा पृष्ठभाग असा चिरफाळून टाकला की ती ऐतिहासिक वाट वापरण्याजोगी राहिली नाही. तिचे खालचे टोक दगडगोट्यांच्या हिमोढाखाली इतके झाकले गेले आहे की वर झुडपे उगवली आहेत. पाहणाऱ्याला त्या टेकड्याच वाटतात, खाली बर्फ आहे हे सांगावे लागते.

डोंगर पाणलोटही विभागतो. दक्षिणेचे वितळपाणी सुसिटना नदीतून कुक इनलेटला जाते. उत्तरेचे मॅकिन्ली नदी, कँटिश्ना, टॅनाना अशा क्रमाने युकॉनला मिळून थेट बेरिंग समुद्रात. या हिमनद्यांचे पाणी करडे, दुधाळ असते, कारण त्यात खडकाचे पीठ असते. गाळ एवढा की नदीला एक पात्र धरून राहता येत नाही. किलोमीटरभर रुंद गोट्यांच्या पात्रात ती दहा-वीस फाट्यांत फुटते, पुन्हा जुळते, पुन्हा फुटते. उत्तर बाजूला भटकणाऱ्यांसाठी खरा धोका अस्वलांपेक्षा या नद्यांचा आहे. ऊन वाढले की बर्फ वितळते आणि दुपारनंतर पाणी चढते. सकाळी घोट्यापर्यंत असलेला फाटा संध्याकाळी मांडीला लागतो. पहाटे ओलांडा, जिथे फाटे सर्वांत जास्त फुटलेत तिथे ओलांडा (अरुंद दिसते तिथे पाणी खोल असते), सॅकचे कंबर आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा आणि बूट काढू नका. पाणी गढूळ असल्याने तळ दिसत नाही आणि वाहते गोटे बोटे चेचतात.

झाडांची रेषा ७५०-९०० मीटरवरच संपते. खाली स्प्रूसचे विरळ जंगल, वर खुजी बर्च, विलो, ब्लूबेरीची झुडपे. बऱ्याच भागात मातीखाली बारमाही गोठलेला थर आहे. पाणी मुरत नाही, मुळे खोल जात नाहीत, थर वितळू लागला की झाडे दारू प्यायल्यासारखी तिरकी होतात. नकाशावर सपाट, मोकळी दिसणारी जागा चालताना ओल्या गादीसारखी निघते. तासाला एक-दीड किलोमीटरचा वेग धरूनच आखणी करा. डॉल मेंढ्या, कॅरिबू, मूस, लांडगे आणि ग्रिझली अस्वले या भागात आहेत. १९१७ मध्ये उद्यान झाले ते मुख्यतः डॉल मेंढ्यांची शिकार थांबवण्यासाठी.  १९८० च्या विस्तारानंतर क्षेत्र साधारण २४,५०० चौरस किलोमीटर झाले, म्हणजे क्षेत्रफळाने महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट. आणि आत जाणारा रस्ता फक्त एक.

आता वाट. दहांतले नऊ जण वेस्ट बट्रेसने, म्हणजे पश्चिमेच्या सोंडेने जातात. ही वाट १९५१ मध्ये ब्रॅडफोर्ड वॉशबर्नच्या तुकडीने उघडली. त्याआधी सगळे उत्तरेकडून का येत, याचे उत्तर वाहतुकीत आहे. उत्तरेला माळावरून कुत्र्यांच्या गाड्या येऊ शकत. दक्षिणेला शेकडो चौरस किलोमीटर फुटकी हिमनदी. बर्फावर उतरणारी स्कीची विमाने आली तेव्हाच दक्षिणेचा दरवाजा उघडला. आजही टॉकीटनाहून चाळीस मिनिटांत विमान काहिल्टनाच्या आग्नेय फाट्यावर उतरवते. तिथेच का, त्याहून वर का नाही? जुन्या उद्यानाची हद्द तिथून जवळच सुरू होते आणि त्या संरक्षित भागात विमान उतरवायला परवानगी नाही.

तळावरून वाट आधी उतरते. हार्टब्रेक हिल नावाचा हा सव्वाशे-दीडशे मीटरचा उतार जाताना कोणाच्या लक्षातही राहत नाही. परत येताना, तीन आठवड्यांनंतर, तोच शेवटचा चढ असतो. खालच्या मुख्य हिमनदीवर साधारण नऊ किलोमीटर चालून २,४०० मीटरवर पहिला तळ. मग ३,३५० मीटरचा तळ. तिथून मोटरसायकल हिल, स्क्विरल हिल आणि ४,१०० मीटरवरचा विंडी कॉर्नर. या वळणावर वरून दगड येतात, खाली क्रिव्हास आहेत आणि वारा नावाप्रमाणे. थांबून फोटो काढायची जागा नव्हे. पुढे ४,३३० मीटरचा प्रशस्त तळ. हंगामात इथे उद्यानाच्या रेंजरांचे ठाणे आणि वैद्यकीय मदत असते. त्यावर हेडवॉल: ४५-५० अंशांचा उतार आणि ४,७२० ते ४,९४० मीटरदरम्यान फिक्स रोप (कायम बांधून ठेवलेले दोर), चढायला एक आणि उतरायला वेगळा. मग अरुंद धारेवरून ५,२४० मीटरचा शेवटचा तळ. तिथून डेनाली पासपर्यंतचा आडवा उतार म्हणजे ऑटोबान.

वाटेतला सर्वांत वाईट टप्पा हाच, आणि तो अवघड दिसत नाही म्हणून वाईट. थकून उतरताना, बहुधा घट्ट बर्फावर क्रॅम्पॉनचा (बुटाखालच्या दातेरी पट्टीचा) दात चुकतो आणि एकाबरोबर दोरावरचे सगळे जातात. उतारावर हंगामात पिकेट (बर्फात ठोकायच्या धातूच्या मेखा) ठोकलेले असतात. दोर त्यांतून घेत जायचे, म्हणजे तुकडी आणि उतार यांच्यात सतत एक तरी नांगर राहतो. ‘उतरताना काही लागत नाही’ असे म्हणणाऱ्याला दोरावर घेऊ नये. खिंडीच्या वर फुटबॉल फील्ड हे सपाट पठार, पिग हिलचा दमवणारा चढ आणि शेवटची धार. पठारावर धुके आले की दिशा उरत नाही, त्यासाठी बांबूच्या काड्या रोवत जाणे हाच उपाय.

पोर्टर नाही, खेचर नाही, शेर्पा नाही. तीन आठवड्यांचे अन्न आणि इंधन धरून माणशी ५०-६० किलो भरते, अर्धे पाठीवर आणि अर्धे प्लॅस्टिकच्या स्लेजवर. पाणी सगळे बर्फ वितळवून, म्हणून इंधन माणशी दिवसाला पाव लिटर धरा. मधल्या तळांवर सामान दोन खेपांत न्यायचे: आज वर पुरून ठेवायचे, खाली येऊन झोपायचे, उद्या तळ हलवायचा. यातून शरीरही उंचीला सरावते. पुरताना खड्डा किमान एक मीटर खोल हवा. उथळ पुरलेले सामान डोमकावळे उकरून काढतात. त्यांना वरच्या काड्यांवरूनच जागा कळते. जागेवर लांब काडी हवीच, कारण एका वादळात मीटरभर बर्फ पडते आणि छोटी काडी दिसेनाशी होते.

स्लेजची एक बारीक गोष्ट हिमालयातून येणाऱ्यांना माहीत नसते. तुम्ही क्रिव्हासमध्ये पडलात तर वीस-पंचवीस किलोची स्लेज मागून तुमच्या डोक्यावर येते. म्हणून स्लेजची मागची बाजू प्रुसिकने (दोरावर आवळून बसणाऱ्या गाठीने) मुख्य दोराला बांधायची. पडल्यावर ती दोराला लटकते, तुमच्यावर येत नाही. ही गाठ मारायला एक मिनिट लागते आणि अनेक जण ती दुसऱ्या दिवसापासून टाळू लागतात. तंबूभोवती बर्फाच्या विटा करवतीने कापून तंबूएवढी भिंत उभारावी लागते, वादळाची चाहूल नसतानाही. बंद तंबूत स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. वादळात हे मुद्दाम बजावावे लागते, कारण तेव्हाच दार बंद असते.

परवाना पहिल्यांदा येणाऱ्याने किमान ६० दिवस आधी घ्यायचा असतो, तुकडीत जास्तीत जास्त १२ जण, आणि हंगामाला एकूण १,५०० ची मर्यादा. टॉकीटनाच्या ठाण्यावर हजेरी लावून माहितीसत्राला बसावे लागते. विष्ठा घट्ट झाकणाच्या डब्यात भरून खाली आणायची, कारण क्रिव्हासमध्ये टाकलेले हिमनदी पुढे कधीतरी बाहेर काढतेच. आणि भारतातून जाणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे: तिथे पैसे घेऊन मार्गदर्शन करायचा हक्क उद्यानाने परवाना दिलेल्या मोजक्याच कंपन्यांना आहे. इथला एखादा आयोजक ‘आम्हीच नेतो, आमचाच लीडर’ म्हणत असेल तर कोणत्या परवानाधारक कंपनीमार्फत, हे आधी लेखी घ्या. बेकायदा मार्गदर्शन पकडले गेले तर तुमची चढाई तिथेच संपते. दोर, क्रिव्हासमधून सुटका आणि बर्फावरचा मुक्काम हे गिर्यारोहणाच्या बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्समध्ये हाताखालून गेलेले असेल तरच या वाटेचा विचार करा. निव्वळ ट्रेकिंगच्या जोरावर झालेले सहा हजारी शिखर इथे पात्रता ठरत नाही.

घरच्यांसाठी. उद्यानाचे प्रवेशद्वार अँकरेजपासून रस्त्याने सुमारे ३८० किलोमीटर, फेअरबँक्सपासून १९०. अलास्का रेल्वेही तिथे जाते. पण प्रवेशद्वारावरून डोंगर दिसत नाही. आतल्या १४८ किलोमीटरच्या रस्त्यावर खासगी गाडी पहिले २४ किलोमीटर, सॅव्हेज नदीपर्यंतच जाते, पुढे उद्यानाच्या बस. सर्वांत चांगली दृश्ये मिळतात ती आयल्सन केंद्र आणि वंडर लेक, दोन्ही बरीच आत. ऑगस्ट २०२१ पासून मधल्या प्रिटी रॉक्सच्या उतारावर रस्ता बंद आहे. खालची बर्फमिश्रित चिकणमाती वितळून उतार इतका सरकू लागला की त्या महिन्यात रस्ता तासाला दीड सेंटीमीटरने खाली जात होता. भर घालून भागेना, म्हणून तिथे पूल बांधायचे काम हाती घेतले आहे. तिकीट काढण्यापूर्वी बस कुठल्या मैलापर्यंत जाते ते पाहा.

नुसता डोंगर पाहायचा तर दक्षिण बाजू सोपी. पार्क्स हायवेवरचा १३५ व्या मैलाचा थांबा किंवा टॉकीटनाचा नदीकाठ. तरी ढगांमुळे उन्हाळ्यात येणाऱ्यांपैकी साधारण तिघांपैकी एकालाच डोंगर पूर्ण दिसतो. एकाच ठिकाणी किमान तीन रात्री ठेवा आणि रात्री दहाला व पहाटे चारला एकदा बाहेर डोकावा. उजेड असतोच आणि दुपारचे ढग अनेकदा तेव्हा विरलेले असतात. टॉकीटनाहून रूथ हिमनदीवर उतरणारी विमाने मिळतात. त्यांचे आरक्षण मुक्कामाच्या पहिल्या दिवसाचे करा. हवामानाने उड्डाण रद्द झाले तर पुढचे दोन दिवस हाताशी राहतात. शेवटच्या दिवसाचे केले तर पैसे परत मिळतात आणि घळ पाहायची राहते.